पाण्यातला दुसरा उपग्रह

नाशिकरोड स्टेशनवर गाडीची वाट बघत उभं राहिलं की नजर त्या पिवळ्या फलकावर जातेच. वर ठळक अक्षरांत गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. परवा गाडी नेहमीप्रमाणे लेट होती. चाळा म्हणून फोनवर उपग्रहांचे कच्चे आकडे दाखवणारं एक ॲप उघडलं आणि उंचीचा आकडा फलकाशी ताडून पाहिला. फोन फलकापेक्षा साठ-सत्तर मीटर कमी दाखवत होता. म्हणजे मी प्लॅटफॉर्मवर नव्हतो, वीस मजले खाली जमिनीत गाडलेला होतो.

फोन बिघडला नव्हता आणि रेल्वेनेही चुकीचं रंगवलं नव्हतं. दोघं उंची वेगवेगळ्या ठिकाणापासून मोजत होते, एवढंच. उपग्रह ज्या पृथ्वीपासून उंची मोजतात ती कागदावरची पृथ्वी आहे, ध्रुवांशी जराशी चपटी केलेली, गुळगुळीत. खरा समुद्र तसा गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्यामुळे गुरुत्वाकर्षण कुठे कमी, कुठे जास्त, आणि त्याप्रमाणे समुद्राची पातळी कुठे फुगलेली, कुठे खचलेली. आपल्या भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर ती त्या काल्पनिक पृथ्वीच्या जवळपास 106 मीटर खाली आहे. जगातला हा सगळ्यात मोठा खळगा. त्या खळग्याचा उतार आपल्या महाराष्ट्राखालूनही जातो, म्हणून हा साठ-सत्तर मीटरचा घोळ.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पोरांना एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आलोय: उंची सांगितली की पहिला प्रश्न विचारायचा, 'कुठपासून?' विमानाच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवावरचा असतो. आज त्याचं एक वेगळं उत्तर सांगायचंय: उपग्रहाचा पाण्यावरून परतलेला सिग्नल ऐकून उंची काढायची.

विमानातलं सगळ्यात जुनं उंचीमापक म्हणजे हवेचा दाब मोजणारी डबी. वर जावं तसा दाब कमी होतो, त्यावरून उंची. आपल्या नाशिकच्या पातळीला दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की उंची साधारण 9 मीटरने बदलते. पण दाब हवामानाबरोबरही बदलतो. आषाढातल्या ढगाळ दुपारी आणि माघातल्या कोरड्या सकाळी एकाच धावपट्टीवर उभं असलेलं विमान वेगवेगळी उंची दाखवेल. म्हणून टॉवरवरून वैमानिकाला आजचा दाब सांगतात आणि तो काटा जुळवून घेतो. खूप उंचावर गेल्यावर मात्र सगळे वैमानिक ठरवून एकच आकडा लावतात, 1013.25. तो बहुतेक वेळा खरा नसतो, पण सगळ्यांची चूक सारखी असल्यामुळे दोन विमानांमधलं अंतर बरोबर राहतं. मला हा शहाणपणा फार आवडतो.

दुसरा मार्ग उपग्रहांचा. त्याचा खळगा आपण पाहिलाच. तो नकाशा वापरून दुरुस्त करता येतो आणि आधुनिक यंत्रं करतातही. पण दाबाची डबी असो की उपग्रह, दोघांनाही एक गोष्ट अजिबात माहीत नसते: या क्षणी खाली काय आहे. कसाऱ्याचा डोंगर आहे की गंगापूर धरणाचं पाणी, आणि ते विमानाच्या चाकांपासून किती दूर आहे, हे त्यांना कळायला मार्गच नाही.

ते कळतं तिसऱ्या यंत्राला, रेडिओ उंचीमापकाला. ते विमानाच्या पोटाखालून 4200 ते 4400 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहर सोडतं, ती जमिनीवर आपटून परत येते, आणि लागलेल्या वेळेवरून उंची निघते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ओरडून प्रतिध्वनी ऐकावा तसं. प्रवासी विमानात ते साधारण 2500 फुटांच्या खाली कामाला लागतं. उतरताना कॉकपिटमध्ये यंत्राच्या आवाजात जी उलटी मोजणी चालते, ती याच्याच जिवावर.

इतकं चांगलं यंत्र आहे, मग आणखी कशाला काही हवं?

पहिलं कारण, यंत्र चुकतं. 25 फेब्रुवारी 2009ला टर्किश एअरलाइन्सचं एक बोइंग 737 ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर उतरत होतं. त्याच्या डाव्या रेडिओ उंचीमापकाने, विमान अजून बरंच वर असताना, उंची दाखवली उणे 8 फूट. म्हणजे जमिनीच्या आत. इंजिनाचा जोर सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा त्याच एका आकड्यावर विसंबली होती. तिला वाटलं, टेकलो आपण, आणि तिने जोर पार कमी केला. वेग ढासळत चाललाय हे वैमानिकांच्या लक्षात यायला उशीर झाला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात कोसळलं. 9 माणसं गेली. त्या जागी वेगळ्याच तत्त्वावर चालणारा एखादा साक्षीदार उंची सांगायला असता तर, असा विचार मनात येतोच.

दुसरं कारण आमच्या ओझरच्या आकाशात फिरतं. 1964 पासून तिथे एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा, लढाऊ विमानांचा कारखाना आहे. आधी मिग, मग सुखोई. ओझरकडच्या वस्त्यांमध्ये सुखोई डोक्यावरून गेलं की पत्रे थरथरतात आणि गोठ्यातली गाय दावं ताणते. अशा विमानाला खाली लहर सोडणं म्हणजे अंधारात चोरपावलांनी चालताना बॅटरी लावण्यासारखं. जमीन दिसेल, पण आपणही दिसू. तिसरं कारण साधं आहे: लहर सोडायची तर वीज लागते, वजन लागतं आणि लहरींच्या गर्दीत स्वतःचा राखीव पट्टा लागतो. 2022 च्या जानेवारीत अमेरिकेत शेजारच्या पट्ट्यात 5जी सुरू होताना याच उंचीमापकांवरून केवढा गोंधळ झाला होता. छोट्या ड्रोनला तर प्रत्येक ग्रॅम जड.

आता मूळ मुद्दा. समजा तुम्ही स्वतः आवाज काढायचाच नाही. दुसरं कुणीतरी आधीच आवाज करतंय, तो थेट ऐकायचा आणि जमिनीवर आपटून आलेला त्याचा प्रतिध्वनीही ऐकायचा. दोन्हींमधला वेळेचा फरक तुम्हाला उंची सांगेल. हे 'दुसरं कुणीतरी' म्हणजे डोक्यावरचे दिशादर्शक उपग्रह: अमेरिकेचं जीपीएस, युरोपचं गॅलिलिओ, आपलं नाविक. चोवीस तास, पाऊस असो वा धुकं, फुकट.

गंमत म्हणजे हा प्रतिध्वनी अभियंत्यांना कित्येक वर्षं नको होता. भद्रकालीच्या गल्लीबोळात फोनवरचा निळा ठिपका शेजारच्या वाड्यात शिरतो, त्याचं एक मोठं कारण तोच. भिंतीवर आपटून उशिरा आलेला सिग्नल थेट सिग्नलमध्ये मिसळतो आणि हिशोब बिघडवतो. याला मल्टिपाथ म्हणतात आणि तो अडवण्यासाठी खास अँटेना बनवल्या जातात. 1993 मध्ये युरोपीय अवकाश संस्थेतल्या मार्टिन-नेरा यांनी उलटा विचार मांडला: समुद्रावरून परतलेला हाच सिग्नल मुद्दाम पकडला, तर समुद्राची पातळी एकाच वेळी कितीतरी ठिकाणी मोजता येईल. त्याच दशकात अमेरिकेत नासाच्या गॅरिसन आणि कॅट्झबर्ग यांनी विमानाच्या पोटाला अँटेना लावून परतलेले सिग्नल पकडून दाखवले.

कसं चालतं ते बघू. इथे जरा थांबू, कारण यातलं गणित दहावीचं आहे आणि ते देखणं आहे.

सकाळी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलात तर दोन सूर्य दिसतात, एक वर आणि एक पाण्यात. पाण्यातला सूर्य क्षितिजाच्या जितका खाली, तितकाच वरचा वर. आता सूर्याच्या जागी उपग्रह ठेवा आणि काठावरच्या तुमच्या जागी विमान. विमान पाण्यापासून 'उ' इतक्या उंचीवर आहे. पाण्याखाली तितक्याच खोलीवर विमानाचं प्रतिबिंब आहे असं समजा. उपग्रहापासून निघून, पाण्यावर आपटून विमानापर्यंत आलेल्या किरणाची लांबी आणि पाणी नसतंच असं धरून सरळ त्या प्रतिबिंबातल्या विमानापर्यंत गेलेल्या किरणाची लांबी, दोन्ही अगदी सारख्या. म्हणजे प्रश्न सोपा झाला: खरं विमान आणि प्रतिबिंबातलं विमान यांच्यापैकी उपग्रहापासून दूर कोण, आणि किती?

दोघांमधलं अंतर आहे 2उ, बरोबर उभ्या रेषेत. उपग्रह 20,200 किलोमीटरवर आहे, त्यामुळे दोघांकडे येणारे किरण समांतरच धरायचे. उपग्रह अगदी डोक्यावर असेल तर जादा अंतर पूर्ण 2उ. तो क्षितिजाला टेकला असेल तर जादा अंतर शून्य. अधेमधे असेल तर 2उ गुणिले उन्नत कोनाचा, म्हणजे उपग्रह क्षितिजापासून किती अंश वर आहे त्याचा, साइन. संपलं सूत्र. उंची काढायची तर जादा अंतराला त्या साइनच्या दुपटीने भागायचं.

उपग्रह 30 अंशांवर असेल तर साइन अर्धा, त्यामुळे जादा अंतर म्हणजेच उंची. परीक्षेत फुकटचा मार्क मिळावा तसं. जरा खरं उदाहरण घेऊ. उपग्रह 50 अंशांवर आहे आणि परतलेला सिग्नल थेट सिग्नलपेक्षा 2.5 मायक्रोसेकंद उशिरा आला. एका मायक्रोसेकंदात लहर 300 मीटर जाते, म्हणजे जादा अंतर 750 मीटर. 50 अंशांचा साइन 0.766. 750 भागिले 1.532, उत्तर 490 मीटर. विमान पाण्यापासून 490 मीटर वर आहे.

यात एक फार छान गोष्ट आपोआप घडते. नेहमीच्या जीपीएसमध्ये फोनचं स्वस्त घड्याळ चुकीचं असतं, उपग्रहाचं घड्याळ किंचित सरकलेलं असतं, वरच्या आयनांच्या थरात लहर रेंगाळते, आणि या सगळ्याच्या दुरुस्त्या कराव्या लागतात. इथे थेट आलेला आणि परतलेला, दोन्ही सिग्नल एकाच उपग्रहाचे, जवळजवळ एकाच वाटेने आलेले, एकाच घड्याळावर मोजलेले. वजाबाकी केली की सामाईक चुका उडून जातात. आणि जो आकडा उरतो तो त्या क्षणी समोर असलेल्या पाण्यापासून मोजलेला असतो. कागदावरच्या पृथ्वीचा किंवा त्या खळग्याचा यात काही संबंध नाही.

आता अवघड भाग. हा सिग्नल ऐकायचा कसा? जीपीएसचा थेट सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा त्यात जोर किती असतो? एका वॉटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी करा आणि त्यातल्या एकाचे शंभर. जवळपास तेवढा. अँटेनातला आणि सर्किटमधला उष्णतेचा गोंगाट याच्या पन्नासएक पट मोठा. म्हणजे सिग्नल गोंगाटात बुडालेलाच येतो.

तो बाहेर काढायची युक्ती नाशिककरांना समजावणं सगळ्यात सोपं. विसर्जन मिरवणुकीत रविवार कारंजावर उभे राहा. पुढे-मागे चार पथकांचे ढोल, ताशे, वर डीजे. या कल्लोळात तुमच्या पोराचं पथक कुठे आहे? डोळे मिटा आणि त्या पथकाचा जो ताल तुम्ही महिनाभर तालमीत ऐकलाय तो हातावर टाळी देत मोजा. टाळी पुढे-मागे सरकवत राहा. एका क्षणी ती गर्दीतल्या कुठल्यातरी ठोक्यांवर अचूक बसते, आणि बसली की तो ताल इतका स्पष्ट ऐकू येतो की बाकीचं मागे पडतं. प्रत्येक जीपीएस उपग्रहाचा असाच स्वतःचा ताल असतो: 1023 ठोक्यांचा, मिलिसेकंदाला एकदा पूर्ण होणारा. ताल सगळ्यांना जाहीर आहे. रिसीव्हर तो मनात धरून पुढे-मागे सरकवतो आणि कुठे जुळतो ते बघतो. याचं नाव कोरिलेशन.

आणि ऐकता ऐकता जर तोच ताल समोरच्या इमारतीवर आपटून पुन्हा, जरा उशिरा, जरा दबका जुळला, तर ती इमारत किती दूर आहे हेही कळलंच की. विमानातला रिसीव्हर नेमकं हेच करतो. एका तालाच्या दोन जुळण्या शोधतो, पहिली उंच आणि टोकदार, दुसरी बुटकी.

दोन्ही वेगळ्या ओळखायला निसर्गाने आणखी एक खूण दिलीय. न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर बसून उजवा हात वर केला की आरशातला गृहस्थ डावा हात वर करतो. जीपीएसची लहर स्क्रूच्या आट्यांसारखी उजवीकडे फिरत येते. पाण्यावर आपटली की आरशातल्यासारखी बहुतांश डावीकडे फिरू लागते, निदान उपग्रह बऱ्यापैकी वर असेल तेव्हा. म्हणून विमानाच्या पाठीवर उजव्या फिरकीची अँटेना आणि पोटाला डाव्या फिरकीची. वरची थेट ऐकते, खालची प्रतिध्वनी.

सगळ्या जमिनी सारखं परत पाठवत नाहीत. सरळ वरून पडलेल्या लहरीतला 60 टक्क्यांहून जास्त जोर शांत पाणी परत देतं. कोरडी ठणठणीत माती जेमतेम 10 टक्के. त्याच मातीत पाऊस मुरला की आकडा 40 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. दिंडोरीकडची एप्रिलमधली भेगाळलेली काळी जमीन आणि जुलैमधली चिखल झालेली तीच जमीन, या लहरींच्या दृष्टीने दोन वेगळे देश. याच गुणावरून जमिनीतला ओलावा मोजण्याचंही काम चालतं, पण ते आता राहू दे.

मग पृष्ठभाग किती सपाट आहे हा प्रश्न येतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी 19 सेंटीमीटर. उपग्रह 30 अंशांवर असताना पाण्यावरचे चढउतार साधारण 5 सेंटीमीटरच्या आत असतील तर पाणी तिला आरशासारखं. डोक्यावर असेल तर मर्यादा निम्मी, अडीच सेंटीमीटरच्या आत. पहाटेच्या गंगापूर धरणात हे सहज असतं. दुपारी वारा सुटला की पाण्यातला सूर्य फुटतो आणि त्याच्या जागी लखलखणारा लांबलचक पट्टा दिसतो ना, तसंच या सिग्नलचं होतं. एका टिंबाऐवजी मोठ्या पट्ट्यातून तुकडे येतात, काही लवकर, काही उशिरा, आणि दुसऱ्या जुळणीला मागे लांब शेपूट फुटतं. उंची काढायची तर शेपटाकडे दुर्लक्ष करून तिची पुढची कड धरावी लागते, कारण सगळ्यात आधी पोचलेला तुकडा सगळ्यात जवळच्या वाटेने आलेला असतो. शेपटाचा उपयोग दुसऱ्यांनी केला. शेपूट जितकं लांब, तितका समुद्र खवळलेला, म्हणजे वारा जोरात. नासाने डिसेंबर 2016 मध्ये सोडलेले सिग्नस मालिकेतले छोटे उपग्रह (सुरुवातीला 8) चक्रीवादळांतला वारा असाच ओळखत आलेत.

उंची किती बारकाईने कळते? जीपीएसच्या जुन्या नागरी तालातला एक ठोका 293 मीटर लांब असतो. जुळणीचं टोक नीट पकडलं तर त्याच्या शंभराव्या हिश्शापर्यंत जाता येतं, पण परतलेला सिग्नल दबका आणि फुटका, त्यामुळे काही मीटरची चूक धरून चालायचं. नव्या एल-5 सिग्नलचा ठोका दहापट आखूड, 29.3 मीटरचा, म्हणून तो या कामाला जास्त चांगला. नाविकचे उपग्रह पहिल्यापासून एल-5 पट्ट्यात बोलत आलेत, पण त्यांचा सर्वांसाठी खुला असलेला ताल जुन्या जीपीएसच्याच गतीचा आहे. पाणी अगदी शांत असेल तर तालाऐवजी 19 सेंटीमीटरच्या लहरीच मोजता येतात आणि मग सेंटीमीटरच्या गप्पा करता येतात. फक्त पूर्ण लहरी नेमक्या किती झाल्या हे आधी ठाऊक नसतं, त्यामुळे उंची बदलली किती हे छान कळतं, मुळात किती होती हे सहजी कळत नाही.

नाविकचं एक वेगळेपण मात्र मला इथे फार उपयोगी वाटतं. त्यातले काही उपग्रह भूस्थिर आहेत, सुमारे 36,000 किलोमीटरवर, आकाशात खिळा मारल्यासारखे. 83 अंश पूर्व रेखांशावरची जागा घ्या. नाशिकहून तिचा उन्नत कोन निघतो साधारण 64 अंश, दिशा दक्षिणेकडे झुकलेली आग्नेय. या जागेवरच्या उपग्रहाचा सिग्नल जिथे आपटून वर येतो ते टिंब विमानाच्या बरोबर खाली नसतं. ते विमानाच्या उंचीच्या साधारण निम्म्या अंतरावर, त्याच दिशेला असतं, आणि विमान जाईल तिकडे सोबत चालतं. जीपीएसचे उपग्रह मात्र सरकत राहतात, त्यांची टिंबंही सरकतात. 30 अंशांवरच्या उपग्रहाचं टिंब हजार मीटरवरच्या विमानापासून पावणेदोन किलोमीटर दूर पडतं.

आणि नेमकं इथेच या पद्धतीचं दुखणं आहे. धरणावर, समुद्रावर, नांदूरमधमेश्वरच्या पसरलेल्या पाण्यावर हे सगळं सुरेख चालतं, कारण टिंबाजवळचं पाणी आणि विमानाखालचं पाणी एकाच पातळीत. पण हेच विमान ब्रह्मगिरीकडे वळलं की टिंब पडतं एखाद्या उतारावर किंवा कड्यावर. उतार लहर भलतीकडे फेकतो, झाडं ती शोषतात, आणि जे काही परत येतं त्यावरून काढलेली उंची विमानाखालची नसतेच. आठ-दहा उपग्रहांची आठ-दहा टिंबं एकमेकांशी ताडून आणि जमिनीच्या चढउतारांचा नकाशा सोबत ठेवून काही प्रमाणात सावरता येतं.

दुसरं दुखणं खालच्या उंचीचं. विमान 50 मीटरवर आलं आणि उपग्रह 60 अंशांवर असला तर जादा अंतर फक्त 87 मीटर. जुन्या तालाच्या 293 मीटरच्या ठोक्यात दोन्ही जुळण्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणजे उतरताना, जेव्हा आकडा सगळ्यात जास्त हवा, तेव्हाच ऐकायला सगळ्यात अवघड. आखूड ठोका आणि दोन फिरक्यांच्या अँटेना यांनी मदत होते, पण प्रवासी विमान उतरवण्याची जबाबदारी मी याच्यावर टाकणार नाही. आणि कुणी मुद्दाम उपग्रहांचे सिग्नल जॅम केले तर थेटही गेला आणि प्रतिध्वनीही गेला. माझ्या मते याची खरी जागा साक्षीदाराची आहे. समुद्रावरून जाणारं ड्रोन, पाहणी करणारं हलकं विमान, किंवा मोठ्या विमानात रेडिओ उंचीमापकाने अचानक उणे 8 फूट म्हटलं तर 'थांब, मला तर अजून पाणी लांब दिसतंय' म्हणणारा दुसरा कुणीतरी.

अगदी कमी उंचीला मात्र एक वेगळी वाट आहे आणि ती घरी करून बघता येते. तिथे दोन जुळण्या वेगळ्या करायच्याच नाहीत, मिसळू द्यायच्या. उपग्रह वर चढत जातो तसं जादा अंतर वाढतं, आणि दोन लहरी कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. सिग्नल फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. अँटेना पाण्यापासून जितकी उंच, तितका हा झोका जलद. अमेरिकेतल्या क्रिस्टिन लार्सन यांनी जमिनीची हालचाल मोजण्यासाठी बसवलेल्या जीपीएस स्थानकांच्या अशाच झोक्यांवरून बर्फाची जाडी मोजून दाखवली.

गंगाव्हरेला माझा एक मित्र आहे, द्राक्षबागायतदार. बॅकवॉटरच्या काठाला त्याची जॅकवेल आहे, म्हणजे मोटरने पाणी उपसायची विहीर. मार्चमधल्या एका पहाटे तिच्या कठड्यावर जुना फोन उभा बांधला, पाण्याकडे तोंड करून. पाणी खाली होतं दहा फूट. एक उपग्रह पाण्याच्या बाजूने वर येत होता. 10 अंशांपासून 25 अंशांपर्यंत तो चढेपर्यंत सिग्नलचा जोर नोंदवत बसलो. हिशोबाने तीन मीटर उंचीला या टप्प्यात जवळपास आठ झोके यायला हवेत. आपटण्याचं टिंब आधी सतरा मीटरवर होतं, ते हळूहळू काठाकडे साडेसहा मीटरपर्यंत सरकत येणार होतं. पहिले पाच झोके वहीत काढण्यासारखे आले. मग वारा सुटला, पाण्यावर शहारा उठला आणि रेघ गढूळ झाली. मोजून-ताणून साडेसात झोके भरले. त्यावरून उंची आली 2.87 मीटर. खरी होती 3.05. सात इंचांची चूक.

मी खुशीत होतो. मित्र अर्धा-पाऊण तास बाजूला उभा राहून माझी आकडेमोड बघत होता. म्हणाला, "सर, दोरी टाकली असती त दोन मिन्टात झालं असतं."

मग चहा घेताना त्यानेच विचारलं, "पण मग हे रोजच्या रोज आपोआप सांगंल का, पाणी किती उतरलं ते? मे महिन्यात फुटबॉल उघडा पडतो अन् मोटर हवा ओढती." फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, फूटव्हॉल्व्ह. म्हटलं, सांगेल, हे त्याचंच काम आहे. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पॉवरबँक जोडून कठड्यालाच ठेवून आलो. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पॉवरबँक संपली होती, पण दोन रात्रींच्या नोंदी शाबूत होत्या. त्यात पाणी तीन-चार इंच उतरलेलं दिसत होतं. त्याने दोरी टाकून पाहिली होती. म्हणाला, "चार."